पाण्याचा हिशेब : फड आणि बियाणे

पिंपळनेरवरून वाहणाऱ्या पांझरेच्या खोऱ्यात पाण्याची काटकसर दोन मार्गांनी साधलेली आढळते. पहिला मार्ग फडपद्धतीचा. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटाखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने ठरलेल्या पाळीने पाणी द्यावयाचे, अशी ही काही शतकांची व्यवस्था. तिचे नियम अभ्यासकांनी टिपून ठेवले आहेत. दुसऱ्या मार्गाची नोंद मात्र कागदावर नाही. ती बियाण्यात आहे.

पाट पोहोचत नाही अशा खानदेशी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी होते. तिला इकडे 'दादर' म्हणतात. पाऊस ओसरता पेरलेल्या या पिकाला जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणीस भरावे लागते. सारी ओल फुलोऱ्यापूर्वीच संपविणारे ताट ऐन वेळी वाळते. ती राखून वापरणारे तग धरते. अवर्षणातही भरलेली कणसे बियाण्यासाठी राखणाऱ्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच गुण नकळत निवडला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

या संचिताचा शास्त्रीय उपयोग महाराष्ट्रात सोलापूरकडे झाला. तेथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि त्याच दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून 'मालदांडी ३५-१' हा वाण निवडण्यात आला. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा संकरित वाण आला. पुढे खरिपात संकरित वाणांनी जम बसविला. रब्बीत मात्र मालदांडीचे स्थान कित्येक दशके अढळ राहिले.

ज्वारीच्या वाणांत पाणी वापरण्याची रीत आनुवंशिकतेने भिन्न असते, हे पुढे प्रयोगांनी दाखविले. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या एका वाणात अशा गुणाचे चार जनुकीय प्रदेश आढळले. ते असता फुटवे कमी येतात, वरची पाने लहान राहतात आणि वाचलेली ओल दाणा भरताना उपयोगी पडते, असे २०१४ मधील ऑस्ट्रेलियातील संशोधनातून स्पष्ट झाले. मालदांडीचा काटकपणा सर्वस्वी याच कारणाने आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि वनस्पतीही पाण्याची पाळी ठरविते आणि ती पाळी वारशाने देते, एवढे निश्चित.

फड मोडला, तरी लिहिलेल्या नियमांवरून तो पुन्हा उभारता येईल. घरचे बियाणे एकदा नष्ट झाले, की ते कोणत्याही दप्तरातून परत मिळत नाही.