भाग: कॅमेऱ्याला दिसतं ते आपल्याला कधी दिसायला लागलं?

गडमुडशिंगीतून बोलतोय. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच आहे, त्यामुळे ऑडिओत मधेच विमान घुमलं तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "सिनेमा कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा मॉनिटर कुठला घ्यावा?" उत्तर देतो. पण आधी माझी चूक सांगतो, मग थोडा इतिहास. कारण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून दोन दिवसांसाठी डिजिटल सिनेमा कॅमेरा भाड्याने आणला. गावाच्या कडेचं एक गुऱ्हाळ त्या हंगामानंतर बंद होणार होतं. काहील, चुलवाण, रस उकळताना येणारी वाफ आणि तिथला म्हातारा गुळव्या, एवढं सगळं टिपून ठेवायचं होतं. मॉनिटरचं भाडं वेगळं पडत होतं, म्हणून एका मित्राचा पाच इंची मॉनिटर मागून आणला.

दुपारी उन्हात त्यावर काही दिसेना. मी ब्राइटनेस शंभर टक्के केला. संध्याकाळी तोच मॉनिटर घेऊन आम्ही गुऱ्हाळाच्या आत गेलो, ब्राइटनेस तसाच. आत अंधार, त्यात स्क्रीन लखलखीत. चित्र भगभगीत दिसतंय असं वाटून मी लेन्सचं आयरिस बंद करत गेलो. स्क्रीनवर झकास दिसत होतं. घरी कॉम्प्युटरवर बघितलं तर गुळव्याचा चेहरा काळाठिक्कर, आणि उजळायला गेलं की नुसते रंगीत ठिपके. परत शूट करावं तर काहील विकली गेली होती.

आता शंभर वर्षं मागे चला. लांब नको, आपल्या कोल्हापुरातच.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो रोज किती जण बघतात आणि पुढे जातात! तो बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण आहे. बाबूराव मूळचे बाबूराव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. दामलेंना सोबत घेऊन, परदेशी कॅमेऱ्याची रचना समजून घेत त्यांनी इथेच कॅमेरा तयार केला. भांडवलाला गायिका तानीबाई कागलकर उभ्या राहिल्या. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला.

आता विचार करा, ही माणसं चित्र बघत कशी असतील? मॉनिटर सोडाच, त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत शूट चालू असताना लेन्समधून बघताच यायचं नाही. आधी फ्रेम लावून घ्यायची, मग बाजूच्या छोट्या व्ह्यूफाइंडरच्या अंदाजाने हँडल फिरवायचं, सेकंदाला साधारण दोन फेरे. फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, तो काळा यायचा. निळं आभाळ पांढरं पडायचं. म्हणजे डोळ्याला दिसणारं एक आणि फिल्मवर उमटणारं भलतंच. खरं काय ते फिल्म धुतल्यावर कळणार.

मग भरवसा कशावर? बाबूराव चित्रकार होते. दृश्य आधी कागदावर काढायचे. उजेड कुठून येणार, सावली कुठे पडणार, हे चित्रातच ठरलेलं असायचं. मला विचाराल तर कागदावरचं ते स्केच हाच त्यांचा मॉनिटर.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये प्रभातने 'सैरंध्री' पुन्हा केला, यावेळी रंगीत. रंगाचं काम जर्मनीत झालं, पण रंग मनासारखे आले नाहीत. पैसा गेला, मेहनत गेली. शूट करताना अंतिम रंग बघायची सोयच नव्हती. हे वाचलं तेव्हा माझ्या काळ्या गुळव्याचं दुःख जरा हलकं झालं. प्रभातसारख्यांचंही असं झालं होतं, तर आपण कोण?

पुढचं पटपट सांगतो. १९३७ मध्ये जर्मनीच्या आरी कंपनीने फिरत्या आरशाचा ॲरिफ्लेक्स आणला. शूट चालू असताना लेन्समधूनच दिसायला लागलं, पण फक्त कॅमेरामनला. डायरेक्टर बाजूला उभा राहून विचारणार, "आलं का बरोबर?" १९६० साली जेरी लुईसने 'द बेलबॉय'च्या वेळी फिल्म कॅमेऱ्यासोबत व्हिडिओ कॅमेरा लावून टीव्हीवर शॉट बघितला. तिथून व्हिडिओ असिस्टची पद्धत पसरली. त्या चित्रावरून फ्रेम कळायची, ॲक्टिंग कळायची. एक्सपोजर मात्र कळायचं नाही. त्यासाठी कॅमेरामनच्या हातात लाइट मीटर असायचाच.

२००७ मध्ये रेड वन, २०१० मध्ये ॲलेक्सा आला आणि मॉनिटरवर थेट सेन्सरचंच चित्र यायला लागलं. आपल्याला वाटलं, झालं, आता दिसतं तेच मिळणार. फसगत इथेच होते. स्क्रीनचा ब्राइटनेस बदलला म्हणून रेकॉर्डिंग बदलत नाही, आणि आपला डोळा तर आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे सारखा जुळवून घेत असतो. एकच चित्र उन्हात अंधारं दिसतं आणि अंधारात भगभगीत.

म्हणून आता मूळ प्रश्न. मॉनिटर घेताना मी काय बघतो?

पहिलं, वेव्हफॉर्म आणि फॉल्स कलर. हे नसेल तर घेऊ नका. फॉल्स कलर उजेडाच्या प्रमाणानुसार चित्राला ठरलेले रंग देतो. ब्राइटनेस कितीही असो, तो खोटं बोलत नाही. माझ्याकडे त्या दिवशी हा असता तर चेहरा वाचला असता.

दुसरं, नीट्स. कोल्हापूरच्या उन्हात शूट करायचं तर किमान १००० नीट्स बघा. बजेट नसेल तर चांगला हूड लावा. आत गेलात की ब्राइटनेस खाली आणायला विसरू नका.

तिसरं, लट लोड करता यायला हवा. लॉगमध्ये शूट केलं की चित्र फिकं दिसतं. लट लावला की शेवटी रंग कसे येतील याचा अंदाज येतो. प्रभातला जे जर्मनीहून परत आल्यावर कळलं, ते तुम्हाला शेतातच कळतं.

चौथं, कॅमेऱ्याला एसडीआय असेल तर मॉनिटरलाही घ्या. ती वायर लॉक होते. एचडीएमआयची वायर ओढली की निघते, आणि ती नेमकी चांगल्या शॉटलाच निघते.

साइज शेवटी. एकट्याने खांद्यावर घेऊन काम असेल तर पाच इंच. फोकस ओढायला वेगळा माणूस असेल तर सात.

जाता जाता गुळव्याबद्दल. आम्ही त्याला आण्णा म्हणायचो. पाक झाला की नाही ते बुडबुड्यांवरून ओळखायचा, तरी दरवेळी थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचाच. मी विचारलं, "आण्णा, दिसतंय की डोळ्याला, परत पाण्यात कशाला?" तर म्हणाला, "लेका, वाफंत डोळा फसतोय. गोळी फसत न्हाई."

चेहरा गेला, पण हा आवाज रेकॉर्डरमध्ये स्वच्छ राहिलाय. या भागाच्या सुरुवातीला ऐकलात तो हाच.

तुमच्या घरातलं कुणी कोल्हापूरच्या स्टुडिओंत सुतारकाम, रंगकाम, लाइटचं काम केलेलं असेल, तर बसून ऐका त्यांचं. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. फक्त त्यांना खिडकीच्या उजेडात बसवा, आणि एक मिनिट रेकॉर्ड करून आधी तपासून घ्या.

भेटू पुढच्या भागात.