ट्रेन्टनच्या दोन आया

न्यूयॉर्कहून एडिसनकडे येणाऱ्या आपल्या गाडीचं शेवटचं स्टेशन ट्रेन्टन. आपल्यातले बहुतेक जण त्याआधीच उतरतात. आज मात्र शेवटपर्यंत जाऊ या.

साल १९४३. ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लाइन विल्यम्स या ट्रेन्टनमधल्या दोन कृष्णवर्णीय आया. जेनेट आणि लिऑन ही त्यांची मुलं. घराजवळ ज्युनियर हायस्कूल नंबर दोन होतं, पण मुलांना पाठवलं लांबच्या लिंकन शाळेत. कारण एकच, ती कृष्णवर्णीय मुलांची शाळा. लिंकन शाळा वाईट होती अशातला भाग नाही. तिचा अभिमान बाळगणारेही होते. पण जवळच्या शाळेचं दार रंग पाहून उघडत होतं, हे या दोघींना मान्य नव्हतं.

वंशावरून कुणाला शाळेत प्रवेश नाकारू नये, असा कायदा न्यू जर्सीत १८८१ पासूनच होता. पण तो बऱ्याचदा पुस्तकातच पडून राहिला. रॉबर्ट क्वीन या वकिलांनी तोच कोर्टापुढे ठेवला. जानेवारी १९४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल आयांच्या बाजूने दिला. देशभर गाजलेला ब्राऊन खटल्याचा निकाल यायला अजून दहा वर्षं होती. मग १९४७ च्या राज्यघटनेनेच सरकारी शाळांतल्या वेगळेपणाला बंदी घातली.

हे वाचताना मला कोल्हापूर आठवलं. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला होता. तिथे राजाने हुकूम दिला. इथे कायदा असूनही आयांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

ज्या शाळेने दार लावलं होतं, तिलाच पुढे हेजपेथ-विल्यम्स हे नाव मिळालं.

पण गोष्ट संपलेली नाही. न्यू जर्सीत मूल सहसा आपल्याच गावच्या शाळेत जातं, त्यामुळे गावं वेगळी तशा शाळाही वेगळ्याच राहिल्या, अशी तक्रार करत २०१८ मध्ये राज्याविरुद्ध नवा खटला दाखल झाला. आणि आपण? घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतो, मग स्वयंपाकघर. मीही तसंच केलं. त्या रेटिंगच्या हद्दीपलीकडे कोणाची मुलं शिकतात, हे तेव्हा मी एजंटला विचारलं नव्हतं.