उघडायला सोपे, फेकायला त्याहून सोपे

१/ शीतपेयाचा कॅन उघडल्यावर त्याची कडी कॅनलाच चिकटून राहते. या साध्या गोष्टीपर्यंत पोहोचायला माणसाला १६५ वर्षे लागली. #थ्रेड

२/ १८१० साली पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये मिळवले. असे डबे लवकरच ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले. डबा मजबूत होता. इतका, की तो उघडण्यासाठी छिन्नी आणि हातोडा लागत असे.

३/ डबा उघडण्याच्या खास साधनाचे अमेरिकी पेटंट एझ्रा वॉर्नर यांना मिळाले ते थेट १८५८ साली. म्हणजे कुलूप आधी आले आणि किल्ली ४८ वर्षांनी!

४/ पुढचा टप्पा १९५९ चा. ओहायोतील अर्मल फ्रेझ सहलीला जाताना ओपनर घरीच विसरले आणि त्यांना मोटारीच्या बंपरवर कॅन फोडावे लागले, असे सांगतात. त्यातून त्यांनी झाकणावरच ओढायची कडी बसवली. झाकणाच्याच पत्र्याला उठाव देऊन घडवलेला रिव्हेट, हे त्यातले खरे कौशल्य.

५/ आता ओपनरची गरज उरली नाही. पण ओढलेली कडी धारदार पट्टीसह हातात येई आणि तिथेच टाकली जाई. समुद्रकिनाऱ्यांवर अनवाणी पाय कापू लागले. प्राणी ते तुकडे गिळू लागले. सोय पिणाऱ्याची होती, किंमत मात्र दुसराच मोजत होता.

६/ १९७१ साली ओरेगन राज्याने कायदा करून अशा सुट्या होणाऱ्या कड्यांच्या कॅनची विक्री थांबवली.

७/ १९७५ मध्ये रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीच्या डॅनियल कुडझिक यांची रचना बाजारात आली. कडी उचलली की झाकणाचा रेखलेला भाग आत दबतो; कडी आणि तो भाग, दोन्ही झाकणालाच जोडलेले राहतात. सुटा कचरा शून्य, आणि सगळे ॲल्युमिनियम एकत्रच पुन्हा वितळवता येते.

८/ फेकलेल्या त्या कड्या आज पुरातत्त्वज्ञांना उपयोगी पडतात. मातीच्या थरात कडी सापडली, की तो थर १९६० च्या दशकापूर्वीचा नाही हे कळते. कचरासुद्धा दस्तऐवज असतो.

९/ आता घरातली दुधाची पिशवी पाहा. कोपरा पूर्ण कापला, की तो इवलासा तुकडा हरवतो आणि पुनर्वापराला मुकतो. अर्धवट चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवला, तर? कुडझिक यांनी कॅनच्या बाबतीत नेमके हेच केले होते.