24 महिने की 15? लष्करी कौशल्य मोजायचं कसं

'कौशल्याचं हस्तांतरण' हा विषय घेऊन पीएच.डी. करायचीय? म्हणजे एका कामात शिकलेलं दुसऱ्या कामात किती चालतं, हे बघायचंय. मग आकडेमोडीआधी अमेरिकेतलं हे जुनं उदाहरण वाचा.

1965. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर कमी पडत होते. पहिले विद्यार्थी चारच, आणि चौघेही माजी कोरमन, म्हणजे नौदलात आजारी-जखमींवर उपचार करणारे मदतनीस. नौदलात ते जे करायचे, त्याला बाहेर लागू पडेल असा परवानाच नव्हता. हातात कला होती, कागद नव्हता! 6 ऑक्टोबर 1967 ला त्यातले तिघे उत्तीर्ण झाले.

आता गंमत बघा. 1969 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी 'मेडेक्स' सुरू केलं. विद्यार्थी तसेच, माजी लष्करी मदतनीस. पण वर्गात फक्त 3 महिने आणि मग 12 महिने एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष दवाखान्यात.

मग लष्करी अनुभवाची किंमत नऊ महिने धरायची का? मोह होतो खरा. पण आधी रुग्ण बघा. सैन्यातला रुग्ण बहुतेक तरुण, धडधाकट पुरुष. बाहेर मधुमेहाची आजी, तापाने फणफणलेलं बाळ, गरोदर बाई. टाके घालणारा हात तोच, पण निदानाचं ज्ञान बरंचसं नवं. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी 1901 मध्येच हे दाखवलं होतं. ठरावीक आकृत्यांचं क्षेत्रफळ अंदाजाने सांगायचा भरपूर सराव केला, तरी वेगळ्या आकारांवर तो फारसा कामी येत नाही. दोन कामांत समान घटक जेवढे, तेवढंच पुढे जातं, असं त्यांचं म्हणणं. (शिक्षणशास्त्रवाल्यांचा यावरचा वाद अजून मिटलेला नाही.)

स्मिथ यांनी शिक्षण नुसतं कमी केलं नाही, त्याचा मोठा भाग नव्या रुग्णांजवळ नेला. त्यामुळे 24 विरुद्ध 15 अशी सरळ तुलना तक्त्यात टाकू नका. कालावधी ही अभ्यासक्रम आखणाऱ्याची समजूत असते, विद्यार्थ्याचं मोजमाप नव्हे. आणि 'नोकरी मिळाली का' एवढंच मोजाल, तर परवान्यापाशी अडलेला कोरमन तुमच्या डेटात अकुशल ठरेल.