रुपयाची झुणका-भाकर

हॉटेलात वडा महागला की आम्ही केमचे म्हातारे मालकालाच बोल लावतो. मला मात्र १९९५ साल आठवते. युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. रुपयात काय होणार? सरकारी जागा आणि अनुदान, यांवर गाडा चालला. अनुदान थांबले तसा झुणका गेला. कित्येक केंद्रांत पाटी तीच, आत वडापाव आणि चायनीज!

२०२० च्या शिवभोजन थाळीने निदान हिशेब उघड मांडला. खेड्यात थाळीची किंमत ३५ रुपये धरली. गिऱ्हाइकाचे १०, सरकारचे २५. त्यात दोन चपात्या, भाजी, वरण, भात. (डाळ-तेल वाढले तर चपाती लहान करायची का?)

साध्या हॉटेलवाल्याला ते २५ कोण देणार? त्याची १९ किलोची गॅसची टाकीसुद्धा बिनाअनुदानाची.