खानदेशातला शहामृग

पाटणादेवी म्हटले की भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आठवतो. चाळीसगाव तालुक्यातल्या त्याच परिसरातल्या पाटणे गावाचे नाव त्याहून कितीतरी जुन्या गोष्टीसाठीही घेतले पाहिजे. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याची कवचे निघाली. एका तुकड्यावर समांतर रेघा आणि त्यांच्या मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. वय सुमारे २५ हजार वर्षे.

म्हणजे आज फक्त आफ्रिकेत मोकळा धावणारा हा पक्षी एके काळी खानदेशातल्या माणसांना ठाऊक होता. शिवालिक टेकड्यांतल्या मोजक्या हाडांवरून आशियाई शहामृगाला १८७१ मध्येच शास्त्रीय नाव मिळाले होते. पण ती हाडे लाखो वर्षांपूर्वीची. तो माणसाच्या काळापर्यंत इथे टिकून होता, हे सांगितले कवचांनी. कोंबडीच्या अंड्याचे टरफल अर्धा मिलिमीटरही जाड नसते, शहामृगाचे मात्र दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. हाडे नाहीशी झाली तरी ते मातीत तग धरते. शिवाय रेडिओकार्बन पद्धतीने त्याच तुकड्याचे वयही काढता येते.

माणसाने या कवचाचे मणीही केले. तुकडा गोलसर फोडायचा, दगडी टोच्याने मधोमध भोक पाडायचे, कडा घासून गुळगुळीत करायच्या. असे मणी पाटण्याला मिळाले, भीमबेटकालाही मिळाले. कवचावरची प्रत्येक रेघ माणसाचीच असते असे नाही. झाडांची मुळेही तसेच चरे पाडतात, आणि अनेक ‘कोरीव’ तुकड्यांबाबत तज्ज्ञांनी हीच शंका घेतली आहे. पाटण्याची नक्षी मात्र नेटक्या, ठरवून ओढलेल्या रेघांची आहे, म्हणून तिचे मोल मोठे.

कवचे खरोखर शहामृगाचीच, याची रेणवीय साक्ष २०१७ मध्ये आली. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी राजस्थान व मध्य प्रदेशातल्या कवचांमधला डीएनए वाचला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला.

खानदेशात, माळव्यात नदीकाठच्या दरडीत असा जाड, पिवळसर तुकडा दिसला तर तो उचलून खिशात घालू नका. तो कोणत्या थरात आहे यावरूनही त्याचा काळ ठरतो. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.