पिनकोडची गाणी : मुंबईच्या भूमिगत रॅपचा पत्ता

जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानांवर प्रकाशकाचा पत्ता कसा छापलेला असे, ते आठवून पाहावे. मौज प्रकाशन गृह, खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४. पुढे सहा अंकी पिनकोड आला आणि त्या ‘४’चे ४००००४ झाले. एकटा अंक छपाईतून हळूहळू मागे पडला. २०१४ साली मात्र कुर्ल्यातील एका तरुण रॅपरवर लघु माहितीपट निघाला, तेव्हा त्याला नाव मिळाले ‘बॉम्बे ७०’. कुर्ला पश्चिम, ४०००७०.

हा धागा अशाच अंकांविषयी आहे. मुंबईच्या भूमिगत रॅपमधील महत्त्वाची गाणी कालक्रमाने ऐकत गेल्यास हाती लागते ती पत्त्यांची यादी. जे. बी. नगरचा ५९, कुर्ल्याचा ७०, धारावीचा १७, आरेचा ६५. ही केवळ रॅपरांची हौस नव्हे.

आधी या अंकांचे मूळ पाहू. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी केली ती केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. देशात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिणारे हात निरनिराळ्या लिपींचे. भाषा कोणतीही असो, अंक तेवढे सर्वांना समान, असा या योजनेचा साधा हिशेब होता. विशेष म्हणजे वेलणकर स्वतः संस्कृत कवी आणि नाटककार होते. त्यांनी पत्रांसाठी केलेली ही व्यवस्था चार दशकांनी अगदी निराळ्या कवींच्या कामी आली.

त्यापूर्वीच्या भारतीय रॅपला पत्ताच नव्हता. १९९२ मध्ये बाबा सहगल यांचे ‘ठंडा ठंडा पानी’ देशभर गाजले. गाणे मजेदार होते, पण त्याचा साचा व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’चा होता. ते कोणत्या गल्लीतून आले, हा प्रश्नच त्याच्या बाबतीत उद्भवत नाही. पुढे २००४ नंतर ऑर्कुट आले आणि तेथील गटांमध्ये हौशी रॅपर लेखी लढती खेळू लागले. आवाज नाही, ताल नाही. एकाने टंकलेल्या यमकाला दुसऱ्याने टंकलेले यमक हेच उत्तर. भाषा बहुतेक वेळा इंग्रजी आणि प्रतिमा न्यूयॉर्कच्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले आणि या लढतींचा कागदच नाहीसा झाला. एका संगीतप्रकाराचे बाळपण असे संकेतस्थळाबरोबर पुसले जावे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

डिव्हाइन, म्हणजे अंधेरीच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस, हाही सुरुवातीला इंग्रजीतच रॅप करीत असे. २०१३ मध्ये त्याने ‘ये मेरा बॉम्बे’ काढले ते मुंबईच्या बोलीतल्या हिंदीत. भाषा बदलताच गाण्याला भूगोल मिळाला. इंग्रजीत ‘स्ट्रीट’ म्हटले की डोळ्यांसमोर कोणतेही शहर येऊ शकते. ‘गली’ म्हटले की नळावरची रांग, पोटमाळा आणि खाली लावलेल्या दुचाकी येतात.

पुढच्याच वर्षी नेझीचे, म्हणजे कुर्ल्याच्या नावेद शेखचे, ‘आफत’ आले. या गाण्याची निर्मितीकथा सर्वपरिचित असली तरी तिचा अर्थ पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला बीट, आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि त्याच आयपॅडवर चित्रित केलेली दृश्यफीत, एवढ्यावर गाणे उभे राहिले. मुंबईत गाणे करायचे तर स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, कंपनीची संमती आणि बहुधा चित्रपटाचा आधार अशा पायऱ्या चढाव्या लागत. येथे त्या सगळ्या पायऱ्या वगळल्या गेल्या. ‘भूमिगत’ या शब्दाचा या संदर्भातील अर्थ एवढाच. त्यात गुप्त असे काही नाही. ही गाणी यूट्यूबवर सर्वांसाठी खुली होती, फक्त त्यांच्यासाठी कोणाची परवानगी घेतलेली नव्हती. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी ‘मेरे गली में’साठी एकत्र आले आणि दिल्लीच्या सेझ ऑन द बीटने त्याला संगीत दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि वस्तीत तयार झालेली दृश्यफीत वस्तीतल्याच मोबाइलवर बिनघोर पाहता येऊ लागली.

येथून सरळ चित्रपटाकडे जाण्याचा मोह होतो. त्याआधी धारावीत थांबले पाहिजे, कारण भाषेचा खरा गुंता तेथे आहे.

धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेली तमिळ कुटुंबे आहेत, कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार आहेत, उत्तर प्रदेशातले कारागीर आहेत आणि मराठी माणसेही आहेत. तेथील डोपॅडेलिक्स या गटाच्या एका गाण्याचे नाव आहे ‘आई शपथ साहेब मी नव्हतो’. वस्तीतल्या पोरांना पोलिसांकडून होणारा जाच हा त्याचा विषय. गटातील रॅपर तमिळ, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत वावरणारे. मग शीर्षक मराठीतच का? उत्तर त्या ‘साहेब’ या शब्दात आहे. धारावीत व्यवहाराची भाषा हिंदी असेल, घरातली तमिळ असेल, पण पोलीस ठाण्याची भाषा मराठी आहे. संशयावरून पकडलेला मुलगा गयावया करतो ती हवालदाराच्या भाषेत. मराठी राज्यभाषा आहे याचा या वस्तीतील अर्थ काय, हे त्या पाच शब्दांत जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कोठे झाले असेल. मराठी वाचकाला तो अर्थ सुखावणारा नाही, आणि म्हणूनच हे गाणे दस्तऐवज म्हणून जपायला हवे. याच गटाचा आवाज २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या, धारावीतच घडणाऱ्या ‘काला’ या रजनीकांतच्या तमिळ चित्रपटात ऐकू आला. धारावीचा रॅप हिंदी पडद्याआधी तमिळ पडद्यावर गाजला, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. २०१९ मध्ये एमसी अल्ताफने तर गाण्याचे नावच ‘कोड मुंबई १७’ ठेवले.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. त्याची प्रेरणा डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यातून घेतलेली. चित्रपट चांगला आहे आणि त्याने अनेक रॅपरांना पहिल्यांदा बरे पैसे मिळवून दिले, हे मान्य करावेच लागेल. पण त्यात एक मौजेचा फेरफार आहे. डिव्हाइन अंधेरीचा, नेझी कुर्ल्याचा. चित्रपटातला मुराद मात्र धारावीत राहतो. ज्या संगीताचा अभिमानच नेमक्या पत्त्यात होता, त्याचा पत्ता पडद्यावर जाताना बदलला. जगाला ओळखीची वाटेल अशी एकच वस्ती आहे, असे बहुधा गृहीत धरले गेले असावे. त्यानंतर ‘गली’ हा शब्द जाहिरातींत शिरला आणि त्याचा अंक हरवला.

गल्लीच्या या गौरवात आणखी एक उणीव होती. रात्री नाक्यावर उभे राहून रॅप करण्याची मुभा मुलांना सहज मिळते, मुलींना नाही. डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, कल्याणहून मुंबईत येऊन या वर्तुळात उभी राहिली. तिच्या गावाचा पिनकोड ४०० ने सुरूही होत नाही. अमरावतीचा १०० आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, हाही असाच बाहेरचा. त्याने आपल्यासोबत वऱ्हाडी बोली आणली.

हा सौरभ ज्या ‘स्वदेसी’ या समूहाचा, त्याचे २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’ हे या संपूर्ण परंपरेतले सर्वांत वजनदार गाणे म्हणता येईल. ते गोरेगावच्या आरे वसाहतीविषयी आहे. १९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून वसवलेल्या या हिरव्या पट्ट्यात आदिवासी पाडे आहेत. मेट्रो-३ ची कारशेड तेथे होणार, हा वादाचा मुद्दा. गाण्यात आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी शीर्षकाकडे पाहावे. ‘वारली उठाव’ हे नाव ठाणे जिल्ह्यात १९४५ साली घडलेल्या लढ्याचे आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो आदिवासी जमले आणि वेठबिगारी व लग्नगडीची प्रथा झुगारण्याचा निर्धार त्यांनी केला. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची संघटना बांधली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सारे १९७० च्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवले. रॅपरांनी शीर्षकातून जोडलेला धागा असा पाऊणशे वर्षे मागे जातो. तेव्हाचा प्रश्न श्रमावरच्या जबरदस्तीचा होता, आताचा राहण्याच्या हक्काचा आहे. जमीन कोणाची, हे मात्र दोन्हीकडे सामाईक.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आणण्याचे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो-३ च्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्या टप्प्याच्या उत्तर टोकाच्या स्थानकाचे नावही आरेच.

अशा गाण्यांना ‘आधुनिक शाहिरी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. तुलना गोड आहे, पण घाईची. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यामागे पक्ष होता, गिरणी कामगारांची संघटना होती, संपाचे मैदान होते. श्रोते आधीच जमलेले असत. रॅपरला आपले श्रोते एकेक करून जमवावे लागतात, आणि त्याला पक्षाची चौकटही पाळावी लागत नाही. तुलना करायचीच असेल तर ती आरेच्या गाण्याशी करावी, कारण तेथे निदान एक चालू आंदोलन होते आणि गाणे त्याच्या बाजूने उभे होते.

‘स्वदेसी’चाच एक रॅपर होता एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार. नायगावच्या बीडीडी चाळीतला, गुजरातीत रॅप करणारा. गिरणगावाच्या मराठी प्रतिमेत गुजराती श्रमिकाला जागा क्वचितच मिळते, म्हणून त्याचे गुजराती शब्द महत्त्वाचे ठरतात. विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कर्नाटक संगीतातील तालाच्या गणितावर रॅप बसवला. ‘गली बॉय’मधील ‘इंडिया ९१’ हे त्याच वाटेवरचे गाणे. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तो गेला.

नायगावला अशा ४२ चाळी होत्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. २०१७ मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि आता त्या जागी उंच इमारती येत आहेत. नव्या दरवाजांवरही पत्ता ४०००१४ असाच लिहिला जाईल.